बंब, दार आणि पुराची रेघ

नाशिकच्या सराफ बाजारामागचा आमचा वाडा उतरवला तेव्हा भंगारवाल्याने सगळ्याला किलोवर भाव लावला. बंब, घंगाळ, झोपाळ्याच्या कड्या, सगळं एकाच काट्यावर. दारं तर तो जळाऊ लाकूड म्हणून नेणार होता. वाळवीही सहसा ज्याच्या वाटेला जात नाही ते जुनं सागवान चुलीत जाणार, हे मला सहन होईना. उचलता आलं तेवढं इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं.

बंबाचा दिवा केला. सासूबाईंची एकच अट होती, "त्याला भोक पाडायचं नाही हं." आणि पाडावं लागलंही नाही. बंबाची मधली नळी मुळातच आरपार असते. तिच्यात ढलप्या पेटायच्या, भोवतीचं पाणी तापायचं, राख जाळीतून खाली पडायची. त्याच नळीतून वायर सोडून आत एलईडी बल्ब लावला. उजेड खालच्या तोंडातून बाहेर येतो, जिथून पूर्वी निखारे दिसायचे.

धातूच्या वस्तूचा दिवा करणाऱ्यांनी एक गोष्ट कृपा करून टाळू नये: अर्थिंग. तीन तारांची वायर आणि तीन पिनांचाच प्लग घ्या. अर्थिंगची तार आम्ही इलेक्ट्रिशियनकडून बंबाच्या कानाला पट्टीने आवळून घेतली. आत कुठे वायर सोलली गेली, तर एरवी अख्खा बंब शॉक देईल.

चिंच-मिठाने मी फक्त तोटी आणि काठ उजळला. चिंचेच्या आम्लात तांब्यावरचा काळा थर विरघळतो, हात लगेच चालायला लागतो, पण थांबायचं. बुडाचा धुराचा काळेपणा मला हवा होता. अंगावरचे तांबटाचे ठोकेही बघण्यासारखे आहेत. ते नुसती नक्षी नव्हेत, ठोकल्याने तांबं कडक होतं. तांबट लेनमध्ये तो आवाज ऐकलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

माजघराच्या दाराचं लिहायचं टेबल झालं. खाली लोखंडी पाय, वर काच, कडी-कोयंडा जागच्या जागी. त्यावर ऑइलपेंटचे कितीतरी थर होते आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा? म्हणून कोरडं घासू नका. पाणी मारून पॉलिश पेपर चालवा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि लहान मुलांना लांब ठेवा. नंतर जवसाच्या तेलाचा हात दिला. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

दाराच्या खालच्या फळीवर 2008 च्या पुराची रेघ आहे. त्या सप्टेंबरात गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. सुतार म्हणाला, "ताई, रंधा मारला की जाईल." मी मारू दिला नाही. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, यावर पूर मोजणाऱ्या गावात ती रेघ घालवायची कशाला?

घंगाळात आता पाणवनस्पती आहेत. झोपाळ्याच्या कड्या अजून माळ्यावर आहेत. नव्या स्लॅबला हूक बसवण्याआधी इंजिनिअरला दाखवणार आहे. तो नको म्हणाला, तर गॅलरीत त्यांना कुंड्या टांगेन.