भाजीच्या इडलीतलं पाणी

जळगाव, 8 जानेवारी, दुपारी चार

सकाळी अकराला भिजवलेलं आता वाटायचं. 1 वाटी सोललेला अख्खा उडीद, त्यातच अर्धा चमचा मेथीदाणे. वेगळ्या पातेल्यात 3 वाट्या उकडा तांदूळ. उकडा नसेल तर रेशनचा जाड तांदूळ चालतो, फक्त वाटताना त्यात मूठभर भिजवलेले पोहे टाकावेत. डाळ जुनी असेल तर पुढचं सगळं नीट करूनही पीठ फुगत नाही, म्हणून उडीद घेताना नवा आहे ना एवढं विचारावं.

उडीद आधी वाटायचा, तांदळाबरोबर नाही. फ्रीजमधलं गार पाणी थोडं थोडं घालत, मिक्सर मधे मधे बंद करत. भांडं तापू द्यायचं नाही. पिठाचा ठिपका वाटीभर पाण्यात टाकला की तो तरंगला पाहिजे. बुडाला तर अजून दोन मिनिटं फिरवायचं. तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा खरबरीत ठेवायचा. साध्या इडलीला उडदाला सव्वा वाटी आणि तांदळाला तितकंच पाणी लागतं; भाजीच्या इडलीला दोन्ही मिळून पाव वाटी कमीच. भाजीची इडली बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि त्या पाण्याची जागा आत्ताच राखून ठेवावी लागते.

आंबवण्याला ना यीस्ट लागत, ना दही. आंबवणारे जिवाणू डाळ-तांदळातच असतात. त्यांनी केलेला वायू उडदाच्या चिकटपणात अडकतो, म्हणून पीठ वर येतं. सध्या इथे रात्री चांगलाच गारठा असतो, त्यामुळे 14 ते 16 तास धरायचे. पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून वर गोधडी. मीठ उद्याच, कारण मिठाने आंबण्याचा वेग कमी होतो. मे महिन्यात नेमकं उलटं: मीठ आधीच घालायचं, रात्री अकराला वाटायचं आणि पहाटे पाचला उठून पीठ फ्रीजमध्ये टाकायचं. खान्देशातल्या उन्हाळ्यात सहा तासांपुढे पीठ आंबटढोण होतं, आणि आंबट पिठात गाजर-मटाराची गोडी लागतच नाही.

9 जानेवारी, सकाळी आठ

पीठ दुप्पट झालंय, चमचा घातला की जाळी दिसते. लागेल तेवढंच, म्हणजे 4 वाट्या, दुसऱ्या भांड्यात काढलं. त्याला 1 वाटी भाजी, तीही शिजवल्यानंतर मोजलेली. याहून जास्त घातली की इडली मधोमध बसते.

भाजी कच्ची घालण्याची चूक सर्रास होते. मीठ लागताच कच्चं गाजर, कांदा, सिमला मिरची पाणी सोडतात आणि वाफेवर ते पाणी इडलीच्या बुडाशी साचतं. म्हणून दोन चमचे शेंगदाण्याच्या तेलात मोहरी, जिरं, चमचाभर हरभरा डाळ, कढीपत्ता, किसलेलं आलं. मग मटाराएवढी चिरलेली फरसबी आणि मटार तीन मिनिटं, शेवटी किसलेलं गाजर एक मिनिट. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफ उडून जाऊ द्यायची. परातीत पसरून पूर्ण गार करायची. गरम भाजी पिठात पडली की तिच्याभोवतीचं पीठ आधीच शिजतं आणि गुठळ्या होतात.

या दिवसांत बाजारात मेथी आणि कांद्याची पात ढिगाने असते. पात छान लागते, पण फक्त हिरवा भाग. मेथी दोन चमच्यांच्या वर नको. भरताचं वांगं इडलीत घालू नये, त्याची जागा भाकरीशेजारीच.

मीठ, भाजी, दोनदा हलक्या हाताने वर-खाली. ढवळलं की रात्रभराचा वायू गेला. पात्रात दोन बोटं पाणी उकळायला लागल्यावरच साचा आत. कुकर असेल तर शिटी काढून. झाकणाला आतून फडकं बांधलं, नाहीतर थेंब पडून वरचा पापुद्रा ओला राहतो. मध्यम आचेवर 12 मिनिटं. साधी दहात होते, भाजीला दोन जास्त. पंधराच्या पुढे कडा रबरासारख्या होतात. खाली उतरवून पाच मिनिटं थांबायचं आणि मग ओल्या चमच्याने काढायची.

भाजी सगळी तळाशी गेली असेल तर पीठ पातळ होतं किंवा तुकडे मोठे होते. इडली दडस निघाली तर पीठ आंबलंच नाही. तेव्हा सोडा घालून फुगवता येते, पण ती चव येत नाही.

चटणीला खोबरं शोधत बसायची गरज नाही. भाजलेले शेंगदाणे, तव्यावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, थोडं पाणी. भाजीच्या गोडसर इडलीला हा तिखटपणा जास्त जुळतो.

पुढच्या खेपेला ज्वारी: 2 वाट्या ज्वारी, 1 वाटी तांदूळ, 1 वाटी उडीद. कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडदाची जोडी इथे रोजची आहे, तीच वाफेवर. ज्वारी मात्र रात्रभर भिजायला हवी, आणि इडली थोडी घट्ट होणार हे धरूनच भाजी पाऊण वाटी.

उरलेलं बिनभाजीचं, बिनमिठाचं पीठ फ्रीजमध्ये. भाजी कालवलेलं चमचाभर राहिलं होतं, त्याचं लगेच तव्यावर धिरडं.