बद्द आवाज

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराची पश्चिमेची भिंत म्हणजे घरातली थोरली सून. आषाढातली तिरकी झड आली की सगळा मारा तिच्याच अंगावर. यंदा पाऊस ओसरल्यावर पाहिलं, तर जमिनीपासून हातभर उंच लोणा धरलेला. बोट फिरवलं की पांढरी भुकटी आणि मागोमाग विटेचा लाल चुरा.

गवंडीबाबांनी थापीच्या दांड्याने भिंत ठोकत नेली. खणखण, खणखण आणि एकदम बद्द.

"गिलावा सुटलाय. सिमेंट कोणी चढवलं, दादा?"

मीच. 'जन्माची कटकट मिटेल' असं एक ठेकेदार म्हणाला आणि मला पटलं. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीची ओल वर ओढते आणि विटांमधल्या दरजांतून वाऱ्यावर सोडून देते. मी ती वाटच बंद केली. मग ओल विटेतच मुक्कामाला राहिली. तिच्याबरोबर आलेल्या क्षाराचे खडे होत गेले आणि त्यांनी विटेची पापुद्र्यापापुद्र्याने साल काढली.

गिलावा उतरवला. दरजा छिन्नीने पाऊण इंच कोरल्या, कुंच्याने झाडल्या, ओल्या केल्या आणि चुना, वाळू, सुरखी म्हणजे विटांची पूड कालवून भरल्या. पूर्वी चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालत म्हणे. आम्ही नाही घातला; आमच्याकडे मुंग्या आधीच पोटभाडेकरू आहेत.

खरं अडलं ते विटांवर. अकरा विटा पार गेल्या होत्या. हल्लीची वीट 9 सेंटीमीटर जाड, आमची जेमतेम दोन बोटं. थरच जुळेना. शेवटी जुन्या नाशकात पाडलेल्या एका वाड्याच्या विटा मिळाल्या. कोणाच्या माजघराच्या असतील कोण जाणे. बादलीत बुडवल्या तर कितीतरी वेळ बुडबुडे सोडत होत्या. "तहान भागल्याशिवाय लावायची नाही," गवंडीबाबा म्हणाले, "नाहीतर ती चुन्यातलंच पाणी पिते."

वर पिंपळाचं रोपटं होतं. उपटायला आईची ना. गवंडीबाबांनी मुळं न तोडता ते काढलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून दिलं.

भरलेल्या दरजा वाळू नयेत म्हणून रोज पाणी मारायचं काम आईकडे आहे. भिंतीवर मारून उरलेलं तांब्याभर पाणी ती डब्यात ओतते. तो पिंपळ कुठे लावायचा, हे अजून कोणीच बोलत नाही.