बिऱ्हाड हलवायला किती लागतील? तुम्ही विचारलंत म्हणून

तीन वेळा एका शहरातलं बिऱ्हाड उचलून लांबच्या दुसऱ्या शहरात नेल्यामुळे ओळखीपाळखीत मी या विषयातली जाणकार ठरले आहे. कुणाची बदली झाली, कुणाला परगावी नोकरी लागली की फोन येतो, आणि इकडचं-तिकडचं बोलून झालं की गाडी त्याच प्रश्नावर येते: "साधारण किती लागतील हो?"

मी विचारते, "घनमीटर किती?"

पलीकडे शांतता. मग जरा दुखावलेला आवाज येतो, "दोन खोल्या आणि स्वयंपाकघर." पण खोल्या ट्रकमध्ये जात नाहीत. दोन खोल्यांत एकटा माणूस चटई टाकून राहत असेल किंवा तीन पिढ्यांचा पसारा असेल. सामान वाहणारे दर लावतात ते ट्रकमध्ये किती जागा अडते यावरून, नाहीतर वजनावरून, आणि घरसामानाच्या बाबतीत बहुधा जागाच आधी संपते. म्हणून पहिलं काम म्हणजे मोजपट्टी घेऊन घरभर फिरणं. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घ्या आणि गुणाकार करा. ६० सेंटिमीटर रुंद, ६५ खोल आणि १७० उंच फ्रिज म्हणजे साधारण ०.६६ घनमीटर. तीन माणसांचा सोफा दीड घनमीटरच्या आसपास. कपाट न मोडता न्यायचं असेल तर आतल्या हवेचंही भाडं तुम्हीच भरणार. सगळ्याची बेरीज करून मी वर पाचवा हिस्सा धरते, कारण खुर्चीच्या पायांमधली जागा कागदावर रिकामी दिसली तरी ट्रकमध्ये ती अडतेच. आणि माळा! पहिल्या वेळी मी माळा मोजलाच नव्हता. माळ्यावरून जे उतरलं त्याने बैठकीची खोली भरली.

ही बेरीज हातात असली की दोन-तीन ठिकाणचे भाव तोलून बघता येतात. नाहीतर एक जण लहान ट्रकचा भाव सांगतो, दुसरा मोठ्याचा, आणि आपण स्वस्त त्याला हो म्हणतो. मग आदल्या रात्री कळतं की तेवढ्या ट्रकमध्ये सामान मावत नाही, आणि त्या घटकेला घासाघीस करण्याचं बळ कुणाकडे असतं? भाव घेताना मजला, लिफ्ट, दारापासून ट्रक किती लांब उभा राहील आणि जिन्याचं वळण, हे दोन्हीकडचं सांगा. आपल्याकडचं सगळ्यांना पाठ असतं, पलीकडचं कुणी विचारत नाही. माझा पहिला सोफा नव्या घराच्या जिन्याच्या वळणावर अडकला आणि तो वर चढवण्याचे पैसे त्याच्या किमतीच्या जवळपास गेले. मनाने तो मी त्याच संध्याकाळी विकला होता.

आता खरा प्रश्न: काय न्यायचं आणि काय नाही. सगळे याला भावनेचा प्रश्न समजतात. त्यात भावना असतेच, पण आधी हिशोब करू. ट्रकचं भाडं १०० धरा आणि सामान २० घनमीटर. म्हणजे दर घनमीटरला ५ पडले. दीड घनमीटरच्या सोफ्याचा वाटा झाला साडेसात. आता तो इथे विकून किती येतील आणि तिकडे तसाच जुना सोफा घ्यायला किती पडतील, ते बघा. या दोहोंतला फरक साडेसातपेक्षा कमी असेल तर सोफ्याला निरोप द्या. कपडे धुण्याचं यंत्र मात्र जागेच्या मानाने महाग, जेमतेम ०.३ घनमीटर, ते नक्की न्या. चादरी, भांडी, हत्यारं न्या. स्वस्त, फुगीर, पोकळ फर्निचर ठेवून जा. भुशाच्या फळ्यांचं कपाट तर एकदा खोलून जोडलं की स्क्रू पुन्हा धड धरत नाहीत, दुसऱ्यांदा खोललं की ते कपाट राहत नाही.

यात एक मेख आहे आणि ती मला दुसऱ्या वेळी कळली. अख्खा ट्रक ठरवला असेल तर एक सोफा वगळून काहीच वाचत नाही, कारण भाडं ट्रकचं असतं. एवढं सामान कमी करा की ट्रकच एक माप लहान होईल, तरच पैसे वाचतात. तोवर काढून टाकलेल्या दोन खुर्च्या म्हणजे नुसता त्याग. दुसऱ्यांच्या सामानाबरोबर ट्रक वाटून घेतलात तर मात्र प्रत्येक घनमीटरचा फायदा होतो. त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते: वाटेत गोदामात सामान उतरतं-चढतं, जास्त हात लागतात, म्हणून बांधणी दणकट हवी. आणि पोचण्याची एक तारीख मिळत नाही, "या आठवड्यात कधीतरी" एवढंच मिळतं. तेवढे दिवस कुठे झोपणार, त्याचा खर्च या स्वस्ताईतून वजा करा. पुष्कळदा स्वस्ताई उरत नाही.

तारखांबद्दल जरा जास्तच बोलते, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडाले. दुसऱ्या वेळी जुन्या घराची किल्ली महिनाअखेरीला द्यायची होती आणि नव्याची मिळणार होती नऊ दिवसांनी. एक महिन्याचं दुहेरी भाडं वाचवलं म्हणून मी खूश. मग त्या नऊ दिवसांसाठी गोदामाचं भाडं, एकदाऐवजी दोनदा हमाली, आणि आम्हा तिघांचं राहणं-खाणं. वाचवलेल्या भाड्याहून हे बरंच जास्त झालं. तेव्हापासून मी दोन्ही किल्ल्या निदान आठवडाभर एकाच वेळी हातात ठेवते. त्या आठवड्यात रिकामं नवं घर पुसून घेता येतं, गळका नळ दिसतो, आणि जुन्या घराच्या भिंतींचे फोटो काढायला सवड मिळते. महिन्याचा पहिला आणि शेवटचा आठवडा टाळता आला तर टाळा. भाड्याची घरं तेव्हाच बदलतात, सगळ्यांना तेव्हाच ट्रक हवे असतात.

अनामत रकमेचं गणित याहून वाईट, कारण तो खर्च नाहीच. पैसे परत मिळणार असतात म्हणून आपण ते अंदाजपत्रकात लिहीत नाही. पण नव्या घराची अनामत किल्लीच्या आधी द्यावी लागते आणि जुन्याची परत येते घर रिकामं झाल्यावर, पाहणी होऊन, कापाकापी होऊन. मधल्या काळात दोन्ही रकमा आपल्या खिशाबाहेर. त्याच पंधरवड्यात ट्रकवाल्याला आगाऊ, पहिलं भाडं, प्रवासाची तिकिटं. नोकरी बदलली असेल तर जुन्या ठिकाणचा हिशोब लांबलेला आणि नव्या ठिकाणचा पहिला पगार महिनाभर दूर. पैसे असतात, त्या दिवशी नसतात. म्हणून माझ्या वहीत रकमेच्या आधी तारखेचा रकाना असतो. कुठल्या दिवशी किती जाणार, किती येणार आणि हातात किती उरणार. हा शेवटचा रकाना ज्या दिवशी सगळ्यात खाली जातो, तेवढी तुमची खरी गरज. एकूण बेरीज त्याहून बरीच सौम्य दिसते, तिच्यावर जाऊ नका.

विमा. वाहतूकदार आपणहून जी जबाबदारी घेतो ती पुष्कळ ठिकाणी वजनावर ठरते, वस्तूच्या किमतीवर नाही. चार किलोच्या संगणकाला चार किलोचे पैसे. त्यामुळे वेगळा विमा घ्यावा, पण अटी वाचून. आपण स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर अनेक विमे हात वर करतात, कारण आत ते कसं ठेवलं होतं हे कुणी पाहिलेलं नसतं. काचसामान त्यांनाच बांधू द्या, चादरी आपण बांधा. किंमत मुद्दाम कमी सांगून हप्ता वाचवायला जाल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते: अर्ध्या किमतीचा विमा असेल तर एकच कप फुटला तरी अर्ध्या कपाचे पैसे. खोक्यांवर क्रमांक घाला, यादी करा, आधीचे फोटो ठेवा, आणि सामान उतरल्यावर मोजल्याशिवाय सही करू नका. हमाल घाईत असतात, उभेच राहतात शेजारी. राहू देत.

बांधणीवर लिहायला बसले तर संपणार नाही. पुस्तकं लहान खोक्यात भरा. ४० सेंटिमीटरचा चौकोनी खोका पुस्तकांनी गच्च भरला की चाळीस किलोच्या घरात जातो आणि तळातून फाटतो, ३० सेंटिमीटरचा सोळा-सतरा किलोवर थांबतो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या आणि उभाच न्या. आडवा करावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. समोरून दार असलेल्या धुलाई यंत्राचा ड्रम घट्ट धरणारे बोल्ट यंत्र घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर आले होते, ते फेकले नसतील अशी आशा. गॅसची टाकी, रंग, पेट्रोल ट्रकमध्ये चालत नाही. कागदपत्रं, औषधं, दागिने आणि पहिल्या तीन रात्रींचं सामान आपल्या हातात.

आणि मग तो खर्च, जो कुणाच्याच यादीत नसतो. इंटरनेट इथे महिनाअखेरपर्यंत भरलेलं आणि तिकडे नवं जोडणीशुल्क. जुन्या घराची रंगरंगोटी. पहिला आठवडा बाहेरचं जेवण. खिळे, दोऱ्या, बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, बादल्या. पहिल्या दहा दिवसांत हार्डवेअरच्या दुकानदाराशी घरोबा होतो. बुडालेल्या रजा. आणि पडदे. दुसऱ्या घरी सगळे पडदे दीड वीत आखूड निघाले, खिडक्यांत पडद्यांऐवजी झालर लावल्यासारखं दिसत होतं. एकूण बेरजेवर मी १५ टक्के अशा गोष्टींसाठी बाजूला ठेवते. पहिल्या दोन्ही वेळी ते पुरले नव्हते, कारण मी ते १५ टक्के ट्रकच्या भाड्यावर काढले होते.

तेव्हा, किती लागतील? तिसऱ्या वेळी सगळं संपल्यावर मी वही पुन्हा बेरजेला घेतली. ट्रक आणि हमाली मिळून एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी होती. म्हणजे कुणी भाव सांगितला की मनात दुप्पट करा आणि मग वर लिहिलेल्या गोष्टींतून एकेक खाली आणत जा. तिसऱ्या वेळी किल्ल्या आठवडाभर दोन्ही हातात होत्या, सोफा नव्हता, माळा मोजलेला होता, बाजूला ठेवलेल्यातले थोडे पैसे उरलेही. नव्या घराच्या खिडक्या मी आधी जाऊन स्वतः मोजून आले होते. रुंदी अगदी बरोबर निघाली. उंची मोजायची राहिली होती.