आमची वाटचाल : सोड्याशिवाय इडली

राजारामपुरीत घरातल्या वेट ग्राइंडरवर इडलीचं पीठ वाटून विकायला लागलो, तेव्हा सगळे विचारायचे, मिसळीच्या कोल्हापुरात हे घेणार कोण? घेणारे निघाले. लहान मुलांच्या आया आणि डॉक्टरांनी तेलकट बंद केलेले आजी-आजोबा.

खरा पेच थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत पीठ रात्रभरात चढत नाही. ओळखीच्या एका हॉटेलवाल्यांनी सुचवलं, खायचा सोडा टाका की, काम झटक्यात होतंय. आम्ही तो कधीच टाकला नाही, कारण इडलीचं पोषण त्या आंबण्यातच आहे. डाळ-तांदळाबरोबर आलेले ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू पिठात वायू आणि आम्ल तयार करतात. वायूनं पीठ फुगतं, आम्लानं चव येते. त्याच वेळी धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं. हे आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं. ते घटलं की ही खनिजं जास्त अंगी लागतात. सोड्यानं इडली नुसतीच फुगते. म्हणून थंडीत आम्ही पातेली उबदार खोलीत गुंडाळून ठेवतो आणि ऑर्डर एक दिवस आधी घेतो.

प्रमाण तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चिमूटभर मेथी. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक. तांदळात लायसिन कमी, उडदात भरपूर; उडदात मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. एकत्र आल्यावर प्रथिनं कसदार होतात. डाळ महागली तरी आम्ही ती कमी केलेली नाही, भाव वाढवला. उकडा तांदूळ घेतो कारण भात तुसासकट उकडताना कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व दाण्यात उतरतं.

मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकांना मात्र आम्ही स्पष्ट सांगतो: वाफवलेली आहे म्हणून कितीही खाऊ नका. शेवटी तांदूळच तो, साखर वाढवणारच. दोनवर थांबा आणि सोबत भाज्या घातलेलं दाट सांबार घ्या.

आता नाचणीचं पीठही करतो. गगनबावडा, चंदगडच्या डोंगरउतारावर नाचणी पिकतेच, ती बाहेरून कशाला आणायची? 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पॉलिश तांदळात जेमतेम 10 च्या आसपास. रंग बघून मुलं नाक मुरडतात, तेव्हा आयांना आम्ही पहिल्यांदा निम्मं साधं पीठ मिसळायला सांगतो. नाचणीचं पीठ मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतं. येताना डबा आणा.