आठ वाजताची मोजणी

नाईट ड्युटीच्या सिस्टरला रात्री बारा वाजता सेन्सस लिहावा लागतो. खाटा किती, पेशंट किती, नवे किती आले, घरी किती गेले, दगावले किती. मी 32 वर्षं सरकारी इस्पितळात काढली, त्यातली निम्मी मेडिसिन वॉर्डात. कुठलं इस्पितळ ते लिहीत नाही, तिथल्या मुली आजही तेच काम करताहेत. खाटांच्या रकान्यात कायम 40. शेजारच्या रकान्यात मी 52 लिहिले, 58 लिहिले, पावसाळ्यात तापाची साथ आली की 63 सुद्धा लिहिले. सकाळच्या सिस्टरला ओव्हर देऊन झाली की तो कागद ऑफिसात जायचा. पुढे त्याचं काय होतं, असं एकदा मेट्रनना विचारलं होतं. "फाईलला लागतो," म्हणाल्या.

हे आता लिहायला बसले ते भाचीमुळे. धाकट्या बहिणीची मुलगी, गोव्यातल्या आमच्या डिचोलीचीच. बांबोळीला नर्सिंग शिकली, इंग्रजीची परीक्षा दिली, डब्लिनला जाऊन तिथली ॲप्टिट्यूड टेस्ट दिली आणि 2019 पासून आयर्लंडच्या एका इस्पितळात इमर्जन्सी विभागात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तिचा मेसेज येतो. आमची जेवणं उरकलेली असतात, तिकडे सकाळ असते. मेसेजमध्ये नुसता आकडा असतो.

तो ट्रॉलीवरच्या पेशंटचा आकडा. डॉक्टरांनी तपासलं, ॲडमिट करायचं ठरलं, पण वॉर्डात खाट रिकामी नाही, म्हणून जे ट्रॉलीवर, खुर्चीवर, कॉरिडॉरमध्ये पडून आहेत त्यांची मोजणी. तिथल्या नर्स आणि सुईणींची संघटना, आयएनएमओ, सकाळी आठची ही मोजणी देशभरातल्या इस्पितळांतून गोळा करते आणि सरळ जाहीर करते. इस्पितळाच्या नावानिशी. पंधरा-वीस वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे. सरकारी आरोग्य यंत्रणेची, म्हणजे एचएसईची, स्वतःची वेगळी मोजणी असते आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून वादही होतात. पण वाद आकड्यावर होतो. माणसं ट्रॉलीवर आहेत हे नाकारायची सोय कुणालाच उरत नाही.

3 जानेवारी 2023 ला हा आकडा 931 होता. मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा. गोव्याच्या साडेतीनपट लोकसंख्येचा तो देश, आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत, आणि एका सकाळी 931 आजारी माणसांना खाट नाही. मी त्या दिवशी तिला फोन केला तर बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, कॉरिडॉरमधला दिवा बंद करता येत नाही गं. एक आजोबा मला रात्रभर विचारत होते, उजाडलं का म्हणून."

तेव्हा तिथले पंतप्रधान होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर यांचा मुलगा. 2017 साली ते पहिल्यांदा पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडेही केवढं कौतुक झालं होतं. माझं आजोळ सावंतवाडीकडचं, त्यामुळे मला तर तो घरचाच माणूस वाटला. स्वतः डॉक्टर, आई नर्स, 2014 ते 2016 आरोग्यमंत्री. मला तो अभिमान आजही आहे. पण भाचीच्या आकड्यांमुळे मी त्यांच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचं, म्हणजे डॉलचं, थेट प्रक्षेपण बघू लागले आणि माझं लक्ष समोरच्या बाकांकडे गेलं.

त्यांच्याकडे लीडर्स क्वेश्चन्स म्हणून एक सत्र असतं. विरोधी नेत्याला प्रश्नासाठी तीन मिनिटं, उत्तराला तीन मिनिटं, मग एक-एक मिनिट उलटप्रश्नाला आणि शेवटच्या उत्तराला. सिन फेन या विरोधी पक्षाच्या नेत्या मेरी लू मॅकडोनल्ड उभ्या राहतात, आरोग्याच्या चर्चांमध्ये त्यांच्याच पक्षाचे वॉटरफर्डचे डेव्हिड कलिनन. कलिनन यांचं मला हे आवडतं की ते आकड्याशिवाय तोंड उघडत नाहीत. आज ट्रॉलीवर किती, या इस्पितळात किती, नोकरभरतीवर बंदी घातलीत त्यातून किती जागा रिकाम्या राहिल्या. ती भरतीबंदी भाचीनं स्वतः भोगली. 2023 च्या अखेरीस एचएसईने बहुतेक भरती थांबवली, 2024 च्या जुलैत बंदी उठवली पण पदांवर मर्यादा घातली. तिच्या विभागातल्या दोघीजणी ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांच्या जागी कितीतरी महिने कुणी आलं नाही. ती बारा तासांची ड्युटी करून घरी येते आणि टीव्हीवर एक माणूस तिच्याच वॉर्डातली गोष्ट मंत्र्यांना विचारताना दिसतो. "आपलं कुणीतरी बोलतंय असं वाटतं," म्हणाली.

सरकारही गप्प बसत नाही. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये तुमचाच पक्ष सत्तेत आहे, तिथल्या प्रतीक्षायाद्या बघा आधी, असं मंत्री सुनावतात. ते खोटं नाही, तिथल्या याद्या खरोखर वाईट आहेत. तरीही ट्रॉलीवरच्या आजोबांना त्या उत्तराचा काय उपयोग?

तिथल्या लिमरिक शहराची गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. 2009 साली एनिस आणि नीना या गावांच्या इस्पितळांतले चोवीस तासांचे इमर्जन्सी विभाग बंद केले आणि सगळं लिमरिकच्या मोठ्या इस्पितळात आणलं. कारण वैद्यकीयच दिलं होतं: छोट्या ठिकाणी पुरेसे तज्ज्ञ नसतात, एके ठिकाणी सगळे असले तर उपचार सुरक्षित होतात. मी नर्स आहे, मला हे कारण कळतं, त्यात तथ्य आहे. पण पेशंट आणले आणि त्यांच्या प्रमाणात खाटा आणल्या नाहीत. मग ट्रॉलींच्या यादीत लिमरिक वर्षानुवर्षे सगळ्यांत वर. 2022 च्या डिसेंबरात तिथे 16 वर्षांची एक मुलगी सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याची, शंका म्हणून पाठवली गेली आणि गर्दीत बारा तासांहून जास्त वेळ तिला अँटिबायोटिक मिळालं नाही. ती गेली. निवृत्त सरन्यायाधीश फ्रँक क्लार्क यांनी चौकशी केली आणि हा मृत्यू जवळजवळ निश्चितच टळू शकला असता असं 2024 च्या अहवालात लिहिलं. सेप्सिसमध्ये पहिल्या तासाचं मोल काय असतं हे मी नवीन मुलींना कितीदा शिकवलंय. बारा तास. हे वाचून मी ताट बाजूला सारलं.

2023 च्या जानेवारीत लिमरिकमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. विरोधी सदस्यांनी विषय सोडला नाही, त्या भागातले सत्ताधारी सदस्यही गप्प राहू शकले नाहीत. इस्पितळात 96 खाटांची नवी इमारत उभी राहिली. तिकडे दुसरा इमर्जन्सी विभाग हवा का, हे तपासायचं काम 2024 साली आरोग्यमंत्री स्टीफन डॉनेली यांनी सरकारी निरीक्षण संस्थेवर सोपवलं. त्याआधी 2017 साली सर्व पक्षांनी मिळून दहा वर्षांचा आरोग्य आराखडा केला होता, स्लॉन्चकेअर नावाचा. त्या समितीच्या अध्यक्ष होत्या विरोधी बाकावरच्या रोशीन शॉर्टल. आराखड्यातलं बरंचसं रखडलं, पण सरकारी इस्पितळात ॲडमिट झाल्यावर दर रात्रीचे 80 युरो द्यावे लागायचे ते एप्रिल 2023 पासून बंद झाले.

आता आपल्याकडचं. पेडणे असो, सत्तरी असो, काणकोण असो, जरा काही गंभीर झालं की शेवटी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, सावंतवाडीची माणसंही बांबोळीलाच येतात. 2018 साली बाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गला केवढं आंदोलन झालं होतं. तुयेला नवं इस्पितळ बांधून वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिलं, ते सुरू करा म्हणून पेडणेकरांना रस्त्यावर यावं लागलं. म्हणजे लिमरिकसारखंच, सगळे रस्ते एकाच दारात. 2021 च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत, बांबोळीला प्राणवायूच्या तुटवड्याच्या त्या रात्री किती माणसं गेली, याची चर्चा उच्च न्यायालयापर्यंत गेली. त्यामुळे आकडे लोकांसमोर आले. एरवी पर्वरीला विधानसभेत आरोग्यावर प्रश्न येतात ते किती रुग्णवाहिका, किती पदं, किती कोटी. जमिनीवर किती माणसं झोपतात हा आकडा तिथे मी कधी ऐकला नाही.

मला पेडण्याकडची एक म्हातारी आठवते. 12 आणि 13 नंबरच्या खाटांच्या मधल्या जागेत मॅकिंटॉश, म्हणजे रबरी चादर, घालून त्यावर तिला निजवलं होतं. स्टँड शिल्लक नव्हता, म्हणून सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बँडेजच्या पट्टीनं बांधली. मी गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात शीर शोधत होते आणि ती पाय पोटाशी घेऊन पडली होती. पाय लांब करा म्हटलं, तर म्हणाली, "नाका गो बाये, लोकांक वाट जाय." सकाळपर्यंत तिनं पाय लांब केले नाहीत. त्या रात्रीच्या सेन्ससमध्ये एक्स्ट्रा पेशंट 17 होते, त्यातली एक ती.

ते 17 मी माझ्या हातानं लिहिले होते. म्हणजे आपल्याकडे मोजणी होत नाही असं नाही. ती रोज होते, प्रत्येक वॉर्डात होते, एक दमलेली मुलगी रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन फिरते आणि एकेक डोकं मोजते.

म्हणून परवा विरोधी पक्षाच्या एका आमदारांना भेटून आले. मुलासारखे आहेत वयानं, काकी म्हणाले, चहा दिला. मी प्रश्न लिहूनच नेला होता. गेल्या एका वर्षात राज्यातल्या प्रत्येक सरकारी इस्पितळाच्या प्रत्येक वॉर्डात मंजूर खाटा किती आणि रात्री बाराच्या सेन्ससप्रमाणे पेशंट किती, याची तारीखवार माहिती आरोग्यमंत्री देतील काय. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "काकी, ही माहिती असते त्यांच्याकडे?"

असते, म्हटलं. फाईलला लागलेली असते. तारांकित प्रश्न म्हणून देतो म्हणालेत. अधिवेशनाच्या तारखा लागल्या की मी पुन्हा जाणार आहे.