केळीच्या मुळातले ३३

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत केल्या. रावेर तालुक्यातल्या मुलांना एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निरोपाला सगळे भरभरून बोलले, पण माझ्या मनात मात्र नोकरीच्या तिसऱ्या वर्षातला एक तास घोळत होता.

खोड शिकवत होतो. म्हटलं, केळीचं आपण ज्याला खोड म्हणतो ती नुसती पानांच्या सोपटांची गुंडाळी. खरं खोड जमिनीत, कंदात. मागच्या बाकावरून, पहाटे बागेला पाणी देऊन आलेल्या एका मुलाने विचारलं, “सर, मग आमच्या केळीत बी का नाही?” मी पुस्तकातलं सांगितलं, की गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तो म्हणाला, “ते दिसतं का?”

मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

कांद्याच्या मुळातली १६ गुणसूत्रं मोठी, दरवर्षी मुलं हौसेने मोजायची. केळीची अगदी बारीक. आमच्या अण्णांच्या बागेतल्या बसराई जातीच्या केळीच्या मुळांची टोकं सकाळी कापायची, अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात ठेवायची, रंगवायची, काचेखाली अंगठ्याने दाबायची. दोन हिवाळे नुसते ठिपक्यांचे ढीग दिसले. तिसऱ्या हिवाळ्यात एका पेशीत सगळी सुटी पसरलेली सापडली. ३३. अकराचे तीन संच. परागकण आणि बीजांड घडताना तिघांची समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. फळ मात्र फलनावाचूनच भरतं.

त्या मुलाला बागेतून बोलावून घेतलं. तोवर त्याची पदवी झाली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, टेबलावर बोट टेकवत तो मोजत राहिला. एकोणतीस, मग एकतीस, शेवटी तेहेतीस. “ही आपल्याकडचीच केळी ना सर?” एवढंच बोलला. संशोधन कशासाठी करायचं, हे मला त्या दिवशी कळलं.

बी नाही म्हणजे प्रत्येक मुनवा, म्हणजे कंदातून फुटणारं रोप, आईचीच नक्कल. एकाला रोग झेपला नाही तर कुणालाच झेपत नाही. पनामा या बुरशीच्या रोगाने ग्रो मिशेल जातीच्या केळीच्या बागा अशाच गेल्या, आणि त्याच बुरशीचा नवा प्रकार आता बिहार-उत्तर प्रदेशात पोचलाय. मी जवळून पाहिला तो हरण्या, केळीचा विषाणूजन्य रोग. पानांवर पिवळे पट्टे आले आणि अण्णांनी अर्धी बाग स्वतःच्या हाताने उपटून गाडली. त्या रात्री ते जेवले नाहीत. काकडीवर्गातल्या वेलींवर तो विषाणू टिकून राहतो आणि मावा ही कीड तो केळीवर आणते. पुढची सगळी वर्षं मी मुलांना घेऊन बांधाबांधाने हेच दाखवत फिरलो. माझ्या शोधनिबंधांपेक्षा ती पायपीट मला मोलाची वाटते.

परवा त्या मुलाच्या बागेत गेलो होतो. आता तिथे ग्रँड नैन जातीची केळी आहे. बांधावर काकडीचे वेल उपटून वाळत टाकलेले होते.