११ केव्ही फीडरचा अर्थ फॉल्ट: माती नेमकी कुठे आडवी येते

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातल्या एखाद्या ११ केव्ही फीडरवर अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे तार जमिनीला टेकली, तर किती करंट वाहील हे काढायचं असेल, तर आधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी बघा. समजा ३३/११ केव्ही, ५ एमव्हीए, ७.१५ टक्के इम्पिडन्सचा (करंटला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा) डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर आहे, ३३ केव्हीला डेल्टा आणि ११ केव्हीला स्टार जोडणी, आणि न्यूट्रल थेट अर्थ केलेला आहे. ११ केव्हीच्या बाजूने त्याचा इम्पिडन्स भरतो १.७३ ओहम. ३३ केव्ही बसची फॉल्ट लेव्हल (फॉल्टला तिथे मिळू शकणारी ताकद) २०० एमव्हीए धरली तर सोर्सचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमागच्या पुरवठ्याचे, ०.६१ ओहम. फॉल्टचा असमतोल करंट गणितासाठी पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो अशा तीन सिक्वेन्समध्ये तोडतात; झिरो म्हणजे तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी सारखा वाहणारा भाग. म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सिक्वेन्सला प्रत्येकी २.३४ ओहम, पण झिरोला १.७३च. झिरो सिक्वेन्सचा करंट डेल्टाच्या आतच फिरतो, सोर्सपर्यंत जातच नाही. सवयीने तिन्हींत सोर्स घातला की गणित तिथेच बिघडतं. बसवर थ्री फेज फॉल्टला सुमारे २७२० अँपिअर येतात, एका फेजच्या अर्थ फॉल्टला २९७०. ब्रेकर तपासताना मोठा आकडा घ्यायचा तो हा.

लाइनवर चित्र उलटतं. रॅबिट कंडक्टरला (अशा लाइनवरची अ‍ॅल्युमिनियम-स्टीलची तार) किलोमीटरमागे पॉझिटिव्ह सिक्वेन्स साधारण ०.६ अधिक जे ०.३६ ओहम (पहिला आकडा रोध, जे लावलेला रिअ‍ॅक्टन्स), तर झिरो ०.७५ अधिक जे १.६२. दहा किलोमीटरवर थ्री फेजचे ७५० अँपिअर, अर्थ फॉल्टचे ५३५.

आता माती. तापीकाठची काळी माती आणि सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम यांत झिरो सिक्वेन्स खूप बदलेल असं वाटतं. पण मातीचा रोध दहापट झाला तरी रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरमागे ०.२२ ओहमनेच वाढतो, कारण मातीचा रोध सूत्रात लॉगच्या आत बसलेला असतो. माती आडवी येते ती तार जमिनीला टेकते तिथे. टेकण्याच्या जागेचा हा रोध फॉल्टच्या सूत्रात तिप्पट होऊन बसतो, कारण तिन्ही सिक्वेन्सचा करंट एकत्र होऊन त्यातून जातो. त्याच दहा किलोमीटरवर ५० ओहम असतील तर करंट १११ अँपिअरवर येतो, २०० ओहमला जेमतेम ३१. पाणी दिलेल्या केळीच्या बागेत पडलेली तार आणि वैशाखात भेगाळलेल्या शेतात पडलेली तार, यांतला फरक हाच. ३०० अँपिअरच्या सीटीवर (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) रिलेचं २० टक्के, म्हणजे ६० अँपिअरचं सेटिंग पहिली तार पकडेल, दुसरी नाही. जिवंत तार शेतात तशीच पडून राहते, माणूस किंवा जनावर तिच्यापाशी जातं. म्हणून हे सेटिंग खाली आणण्यासाठी धडपडायलाच हवं.

मात्र खाली आणण्याआधी चालू लोडवर सीटीचा रेसिड्युअल करंट, म्हणजे तिन्ही फेजच्या सीटींची बेरीज, मोजा. तिन्ही फेजचा लोड सारखा असेल तर तो शून्याच्या आसपास हवा. लोडच्या दुप्पट दिसला, तर एका सीटीची पोलॅरिटी उलटी, म्हणजे तिची दोन टोकं अदलाबदल करून, जोडली आहे.